एक वाटी म्हणजे नेमकी किती?

आईला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले, दुपारी एक वाटी भात. आई एकच वाटी घेई, तरी साखर उतरेना. घरात तिलाच बोलणी बसत. अखेर एका रविवारी मी तिची वाटी पाण्याने मोजली. १ लिटरच्या बाटलीत ती फक्त ४ वेळा भरली, म्हणजे २५० मिलिलिटरची! डॉक्टरांच्या हिशेबातली वाटी १५० ची होती. आई रोज दीडपटीहून जास्त भात खात होती. चूक तिची नव्हती, मापाची होती.

भगिनींनो, वाटी जागा मोजते, वजन नव्हे. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम बसते. कच्चा तांदूळ सपाट भरला तर सुमारे १६५ ग्रॅम, आणि गव्हाचे पीठ शंभराच्या आसपास. पीठ दाबले किंवा वाटी शिगोशीग भरली की वजन वाढते. शिवाय तांदूळ शिजल्यावर अडीच-तीन पट जड होतो. म्हणून ‘कच्चा की शिजलेला?’ हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

उपाय बिनखर्चाचा आहे. घरातली एक वाटी ठरवा व तिच्यावर खूण करा. वाण्याच्या काट्यावर आधी रिकामी, मग भरलेली तोला. वजाबाकी वहीत लिहा. दवाखान्यात जाताना तीच वाटी पिशवीत घ्या आणि दाखवा. यात लाजण्यासारखे काही नाही. आजारी माणसाला बोल लावण्याआधी आपले माप तपासावे.