पावसाळ्याच्या तारखा संगणकाला कोण सांगणार?

राजूर : अकोले तालुक्यातील राजूर हे गाव भंडारदरा धरणाच्या वाटेवर आहे. प्रवरा नदीवरील हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. येथील डोंगरांवर पडणारे पाणी प्रवरेतून गोदावरीला मिळते आणि पैठणच्या जायकवाडीकडे जाते. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याच्या निर्णयाला १५ ऑक्टोबरचा साठा आधारभूत मानावा, असे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिले. अशा वादात कोणत्या वर्षी किती पाऊस झाला, याला साहजिकच महत्त्व येते.

पावसाच्या नोंदींची छाननी आता अनेकदा 'पायथन' या संगणकीय भाषेतील 'पांडाज' या लायब्ररीच्या साह्याने होते. १ जून ते ३० सप्टेंबर असा कालखंड दिला, की ती १२२ दिवसांची यादी क्षणात तयार करते. मात्र पावसाळा म्हणजे काय, हे तिला ठाऊक नसते. 'पांडाज'मधील नेहमीच्या तिमाहीत जून एका गटात, तर जुलै ते सप्टेंबर दुसऱ्या गटात जातो. हवामानशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या 'एक्सअ‍ॅरे' या लायब्ररीतील तयार ऋतूंत जून ते ऑगस्ट एकत्र येतात आणि सप्टेंबर शरद ऋतूत ढकलला जातो. भारतीय हवामान खात्याचा नैर्ऋत्य मोसमी हंगाम मात्र जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा आहे. तयार कप्पे वापरणाऱ्याच्या हिशेबातून एक महिना नकळत गळतो.

शेवटच्या दिवसाचाही घोळ होतो. दर तासाची यादी मागताना शेवट म्हणून नुसते '३० सप्टेंबर' लिहिले, तर 'पांडाज' त्या दिवसाच्या प्रारंभी, म्हणजे मध्यरात्री बारालाच थांबते; उरलेले तास सुटतात. त्यातच हवामान खात्याचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो. ३० सप्टेंबरच्या रात्री पडलेला पाऊस १ ऑक्टोबरच्या नोंदीत जातो.

वर्षाची सीमाही ठरवून द्यावी लागते. जलवर्ष १ जून ते ३१ मे असे धरले, तर 'पांडाज'ला वर्षाचा शेवट मे महिन्यात असल्याचे सांगता येते. परंतु २०२४-२५ या जलवर्षाला ती २०२५ हे नाव देते.

निसर्ग तर तारखांना बांधील नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. हंगामाची अधिकृत मोजणी मात्र १ जूनपासूनच होते. त्यामुळे मेअखेरचा तो पाऊस पूर्वमोसमी ठरतो आणि मागील जलवर्षात जमा होतो. यात यंत्राची चूक नाही. म्हणूनच पावसाच्या प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या कालखंडाची सुरुवात, शेवट आणि नोंदीची वेळ स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. त्याविना दोन वर्षांची तुलना फसवी ठरेल आणि पाण्याचा वाद आकड्यांच्या वादात हरवेल.