जमा लंडनला, नावे आपल्या

दुसऱ्या महायुद्धाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती सिनेमातली चित्रे. नॉर्मंडीचा किनारा, लंडनवर पडणारे बॉम्ब, हिटलरची मिशी आणि शेवटी हिरोशिमावरचा तो ढग. या चित्रांत आपण कुठेच नसतो. आपल्या शालेय पुस्तकांत ती वर्षे 'चले जाव'ची आणि आझाद हिंद सेनेची असतात. ते योग्यच आहे. पण या दोन धड्यांच्या मधल्या फटीत एक फार मोठी गोष्ट पडून राहिली. त्याच वर्षांत भारतीय लष्कर दोन लाखांवरून पंचवीस लाखांपर्यंत वाढले होते. सक्तीची भरती नसताना उभे राहिलेले एवढे मोठे सैन्य जगाने तोवर पाहिले नव्हते. त्यातले सुमारे ८७ हजार लोक परत आले नाहीत.

युद्धात उतरायचे की नाही, हे मात्र आपल्याला कोणी विचारले नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले, ते ना कायदेमंडळाला विचारून, ना कोणा पुढाऱ्याला. घर आपले, मांडव आपल्या दारात आणि लग्न मात्र परस्पर ठरलेले, असा तो प्रकार होता. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. लग्न काही थांबले नाही.

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला एक खोड लागते. कितीही मोठी, कितीही उदात्त घटना सांगा, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की याचे पैसे कोणी दिले? कादंबऱ्या लिहायला लागल्यावरही माझी ही खोड गेली नाही. उलट वाढली. महायुद्धावरची पुस्तके वाचतानाही माझी बोटे लढायांची पाने उलटून जमाखर्चाच्या पानांकडे जात राहिली. आणि तिथे जे दिसते, ते रणांगणाइतकेच विलक्षण आहे.

१९३९च्या अखेरीस ब्रिटिश सरकार आणि भारत सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीचा करार झाला. भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा. भारतीय फौजा देशाबाहेर लढतील त्याचा आणि मित्रराष्ट्रांसाठी इथे जी खरेदी होईल तिचा खर्च ब्रिटनने द्यायचा. कागदावर हे न्याय्य दिसते. मेख होती ती पैसे देण्याच्या पद्धतीत. बूट, घोंगड्या, तंबू, ताग, कापड, धान्य ही सारी खरेदी इथे, रोख रुपयांत होई. ब्रिटन त्याबद्दल लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा करी. ते पौंड युद्ध संपेपर्यंत मनासारखे वापरता येत नसत. पण ते तारण धरून रिझर्व्ह बँक इथे नोटा छापू शकत असे, आणि छापत होती.

म्हणजे माल बोटीत चढून निघून जाई आणि त्याच्या बदल्यात मागे राहत त्या नोटा. युद्धाच्या सुरुवातीला चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. १९४५च्या अखेरीस तो आकडा बाराशे कोटींच्या घरात गेला. नोटा सहा-सात पट आणि बाजारात माल मात्र पूर्वीपेक्षा कमी. पुढे काय होते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, कुठलीही गृहिणी सांगेल. घाऊक भाव अडीच पटींच्या आसपास चढले. किरकोळ बाजारात काय मिळेल आणि कितीला मिळेल, ते दुकानदाराच्या मर्जीवर.

युद्ध घरात शिरले ते असे, पैशाच्या वाटेने. १९४० साली एक रुपयाची नोट पुन्हा आली. त्याच वर्षी रुपयाच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४३मध्ये तांबे वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा निघाला. 'भोकाचा पैसा' म्हणून तो आपल्या आज्यांच्या डब्यांत पुढची कित्येक वर्षे पडून होता आणि आम्ही मुले त्यात दोरा ओवून खेळत असू. तो पैसा म्हणजे महायुद्धाचाच एक तुकडा आहे, हे तेव्हा कुणी सांगितले नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९८०च्या दशकात, मी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन घ्यायला माजी सैनिक येत. त्यांतले एक हवालदार इटलीत लढून आलेले होते. गर्दी ओसरली की ते बाकावर टेकत आणि बोलत. लढाईबद्दल फारसे नाही. बोलत ते मनिऑर्डरीबद्दल. "साहेब, मी तिकडून दर महिन्याला ठरलेली रक्कम लावून दिलेली. पण आई मास्तरांकडून पत्र लिहवून घ्यायची की पैसे पुरत नाहीत, कमी का पाठवतोस? मला वाटायचं मधल्यामधे टपालवाला खातोय. परत आल्यावर त्याला बघून घेईन, असं मनात धरून होतो मी."

टपालवाल्याने एक पैही खाल्ली नव्हती. मनिऑर्डर पुरी पोचत होती, आईच्या हातात पडणारा रुपयाच लहान होत चालला होता. आणि तो लहान का होत होता? तर याच मुलासारख्या लाखो मुलांच्या पगारासाठी, बुटांसाठी, रेशनसाठी नोटा छापल्या जात होत्या म्हणून. मुलगा आघाडीवर लढत होता आणि त्या लढाईचा खर्च त्याची आई चुलीपुढे भागवत होती, दोघांनाही न कळता. महागाई हा असा कर आहे, की त्याची पावती मिळत नाही.

ही मुले साम्राज्यावरच्या प्रेमापोटी गेली नव्हती. कोकणात नि घाटमाथ्यावर जमिनीचा तुकडा लहान आणि खाणारी तोंडे फार, म्हणून बहुतेक जण गेले. ज्या सातारा जिल्ह्यात १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालत होते, त्याच जिल्ह्यातली मुले मराठा पलटणीतून परदेशी लढत होती. एक भूमिगत, एक गणवेशात. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करून निवाडा देण्याची घाई आपण करू नये.

या साऱ्या जमाखर्चाची दोन टोके १९४४च्या जुलै महिन्यात एकाच वेळी दिसतात. १० जुलै रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटा धावून गेला. त्याच्या तुकडीतले बाकी सगळे मेले होते किंवा जखमी झाले होते. त्याने हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि काडतुसे भरायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी तो पडला. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो माणगाव तालुक्यातला.

त्याच महिन्यात अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची आर्थिक परिषद भरली होती. भारतीय शिष्टमंडळात होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. त्यांचे जन्मगाव महाडजवळचे नाते, म्हणजे माणगावच्या शेजारच्याच तालुक्यातले. लंडनमध्ये साठलेल्या आमच्या पौंडांचे पुढे काय, हा प्रश्न भारतीय प्रतिनिधींनी तिथे नेटाने मांडला. ए. डी. श्रॉफ यांनी तर तो फार स्पष्ट शब्दांत मांडला. परिषदेने तो विषय आपल्या कक्षेबाहेरचा ठरवला. देणे आम्ही इमानाने फेडू, पण ते दोन देशांनी आपसात पाहावे, अशी भूमिका केन्स यांनी ब्रिटनतर्फे घेतली. चर्चिल यांचे मत तर असे, की भारताचे रक्षण केल्याबद्दल उलट आपणच भारताकडे बिल पाठवावे.

एका जिल्ह्यातले दोन पुत्र. एक इटलीच्या टेकडीवर देशाच्या नावाने जीव देत होता आणि दुसरा अमेरिकेत त्याच देशाचा हिशेब मागत होता. मनिऑर्डरीतून घरोघर पोचणाऱ्या नोटांवर तेव्हा सही येऊ लागली होती ती देशमुखांचीच. छापण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, पण त्याचा परिणाम त्यांच्याइतका कोणाला कळत असेल?

इकडे मुंबईत २ मे १९४३ पासून धान्याचे रेशनिंग सुरू झाले होते. रेशन, कंट्रोल, काळाबाजार, ब्लॅकआउट हे शब्द त्या वर्षांत मराठीत रुळले आणि त्यांतले पहिले तीन अजून गेले नाहीत. बाजारातल्या नोटा शोषून घ्याव्यात म्हणून ब्रिटन आणि अमेरिकेच्या वतीने रिझर्व्ह बँक १९४३पासून सोने विकत होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले, तेव्हा त्याच्या पोटात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. आकाशातून सोने पडल्याच्या कथा मुंबईत पुढे दोन पिढ्या सांगितल्या गेल्या. आपल्याकडे अग्निशमन दिन १४ एप्रिलला असतो, तो या जवानांच्या स्मरणार्थ.

मुंबई निदान सावरली. बंगालला सावरता आले नाही. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपान्यांकडे गेला आणि तिथला तांदूळ थांबला. जपानी आलेच तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीतला तांदूळ हलवला गेला आणि दहापेक्षा अधिक माणसे मावतील अशा होड्या काढून घेतल्या किंवा मोडल्या गेल्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरवर वादळ आले. पण या सर्वांच्या मुळाशी तो नोटांचा पूर होताच. सैन्यासाठी खरेदी होती, कलकत्त्याच्या कारखान्यांत युद्धाचे काम होते, तिथल्या कामगारांना मालक स्वस्तात धान्य देत होते. खेड्यातला शेतमजूर, कोळी, सुतार यांच्या मजुरीला मात्र बाजारात किंमत उरली नाही. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. धान्य अजिबात नव्हते म्हणून ही माणसे मेली नाहीत, ते घेण्याची ऐपत संपली म्हणून मेली, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकड्यांनिशी दाखवून दिले.

युद्ध संपले तेव्हा लंडनच्या खात्यावर भारताचे सुमारे १७०० कोटी रुपये जमा होते. त्याआधी आपले इंग्लंडचे जुने कर्जही बहुतेक फिटले होते. ऋणको धनको झाला होता, तेही धनकोच्या राज्यात राहून. पण ते पैसे हाती आले ते हप्त्याहप्त्याने. फाळणीनंतर पाकिस्तानचा वाटा गेला. ब्रिटिशांनी मागे टाकलेले लष्करी सामान आणि इंग्रज अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने यांपोटी १९४८च्या करारात मोठी रक्कम वळती झाली. १९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या पौंडांची डॉलरमधली किंमत सुमारे ३० टक्क्यांनी उतरली. जे राहिले त्यातून आपण धान्य आणले, यंत्रे आणली, पंचवार्षिक योजनांना हातभार लावला. १९५८च्या सुमारास गंगाजळीचा तळ दिसू लागला. व्यवहार म्हणून पाहिले तर ब्रिटनने देणे बुडवले नाही, हे मान्य करायला हवे.

पण कुठलेही खाते तपासताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. जमेच्या बाजूचे पौंड देशाच्या नावावर होते, ते देशाला मिळाले. नावेची बाजू मात्र मेदिनीपूरच्या मजुराची, रेशनच्या रांगेतल्या बाईची आणि मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या त्या आईची होती. त्यांच्याकडून जे घेतले गेले, त्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, म्हणून ते परत करण्याचा प्रश्नही कोणासमोर आला नाही.

इटलीतल्या मोंतोने गावी २०२३ साली यशवंत घाडगेच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. परक्या गावाने आपल्या मुलाची आठवण ठेवली याचा आनंदच आहे. माणगावातही त्याचे स्मारक आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपल्या घरातून महायुद्धावर गेलेला कोणी पणजोबा, चुलत आजोबा असेल तर त्याच्या पदकाबरोबर त्याच्या घरच्या त्या वर्षांचीही चौकशी करावी. काय खात होते, काय विकले, कोणाकडून उसने आणले. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. आणि जगात कुठेही युद्ध पेटले की तेलाचा, गव्हाचा भाव आपल्या वाण्याच्या दुकानात वर चढतो, तेव्हा त्या हवालदारांच्या आईचे पत्र मला नव्याने आल्यासारखे वाटते. पैसे पुरत नाहीत, कमी का पाठवतोस?