कमलाबाईंनी उघडलेलं दार

बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात आज मुली जीवशास्त्र शिकतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. याच शहरात १९३३ साली मात्र कमला भागवत या मराठी मुलीला प्रयोगशाळेचं दार बंद होतं. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली. तरीही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला.

कमला मागे हटली नाही. अखेर वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. आपण खातो त्या अन्नात काय असतं, शरीरात त्याचं काय होतं, हे शोधणं जीवरसायनशास्त्रज्ञाचं काम. तिने दूध आणि डाळींमधली प्रथिनं तपासली. ते काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं.

१९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून ती मायदेशी परतली. पुढे कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. कुपोषित मुलं आणि गरोदर स्त्रियांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून.

तुमची लेक प्रयोगशाळेत जायचं म्हणाली, तर तिला कमलाबाईंची ही हकीकत जरूर सांगा.