फाइल-प्रेषण प्रोटोकॉल, वैयक्तिक संगणकांतील

फाइल-प्रेषण प्रोटोकॉल, वैयक्तिक संगणकांतील : दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या दोन संगणकांमध्ये फाइल बिनचूक पोहोचावी म्हणून दोन्ही टोकांच्या आज्ञावलींनी पाळावयाचे नियम. मोडेमच्या साहाय्याने वैयक्तिक संगणकाचा दुसऱ्या संगणकाचे टर्मिनल म्हणून उपयोग करून देणाऱ्या प्रोकॉम, टेलिक्स यांसारख्या आज्ञावलींत १९८०–९० या दशकात असे अनेक प्रोटोकॉल एकत्र दिलेले असत आणि त्यांतून निवड वापरणाऱ्याने करावयाची असे.

तारेवरील खरखरीमुळे लेखी मजकुरातील एखादे अक्षर बदलले, तरी वाचकाला चूक बहुधा ओळखता येते. परंतु आज्ञावलीच्या फाइलीतील एक बाइट बदलला, तरी ती संपूर्ण निरुपयोगी होऊ शकते. म्हणून फाइलीचे ठोकळे पाडून प्रत्येकास तपासणी-अंक जोडणे व सदोष ठोकळा पुन्हा मागविणे, हे या सर्व प्रोटोकॉलांचे समान तत्त्व होय. तारेविषयी काय गृहीत धरावयाचे, याबाबत मात्र त्यांच्यात भेद आहे.

एक्समोडेम : वॉर्ड क्रिस्टेनसेन यांनी १९७७ मध्ये सीपी/एम कार्यप्रणालीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीतून हा प्रोटोकॉल पुढे आला. आरंभचिन्ह, ठोकळ्याचा क्रमांक, तो क्रमांक २५५ मधून वजा करून येणारी संख्या, १२८ बाइट मजकूर आणि त्या बाइटांच्या बेरजेचा एका बाइटात मावणारा भाग असा १३२ बाइटांचा ठोकळा पाठविला जातो. ग्राहक संगणकाकडून पोच आल्याशिवाय पुढचा ठोकळा निघत नाही. ही रचना इतकी सोपी होती, की ती थोड्याच काळात सर्वत्र पसरली. तथापि दोन बाइटांची अदलाबदल झाल्यास बेरीज तीच राहते व चूक निसटते. हा दोष पुढे १६ बिटांच्या चक्रीय तपासणीने बराचसा दूर झाला. फाइलीचे नाव व लांबी कळविण्याची सोय मात्र मूळ प्रोटोकॉलात नव्हती. त्यामुळे अखेरचा अपुरा ठोकळा भरण्यासाठी घातलेली चिन्हे पोहोचलेल्या फाइलीच्या शेवटी तशीच राहत.

पोच येईपर्यंत थांबण्याची किंमत वेगाबरोबर वाढत जाते. एका बाइटामागे आरंभ व अंत बिटांसह १० बिट धरल्यास ३०० बिट प्रतिसेकंद या वेगाने एका ठोकळ्यास ४·४ सेकंद लागतात. पोच येण्यास अर्धा सेकंद लागला, तर एकूण वेळेचा सु. १० टक्के भाग वाया जातो. २,४०० बिट वेगाला हेच प्रमाण सु. ४८ टक्के व ९,६०० बिट वेगाला सु. ७८ टक्के होते. उपग्रहामार्गे किंवा पुडके-जालातून जाणाऱ्या जोडणीत असा विलंब अटळ असे आणि दूरध्वनीचे शुल्क वेळेवर आकारले जात असल्याने त्याचा भार वापरणाऱ्यावर पडे.

वायमोडेम : चक फोर्सबर्ग यांनी विकसित केलेल्या या प्रोटोकॉलात ठोकळा १,०२४ बाइटांचा करता येतो. वरील उदाहरणात २,४०० बिट वेगाला प्रतीक्षेचा वाटा त्यामुळे सु. १० टक्क्यांवर येतो. शून्य क्रमांकाच्या ठोकळ्यातून फाइलीचे नाव व लांबी कळविता येत असल्याने अनेक फाइली ओळीने धाडता येतात. मात्र खरखरीच्या तारेवर एका चुकीपायी पूर्ण मोठा ठोकळा पुन्हा पाठवावा लागतो. ‘जी’ या उपप्रकारात ठोकळ्यागणिक पोच घेतली जात नाही व चूक आढळल्यास प्रेषण थांबविले जाते. म्हणून चुका स्वतःच दुरुस्त करणाऱ्या मोडेमांसाठीच तो योग्य होय.

कर्मिट : न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये फ्रँक द क्रूझ व बिल कॅचिंग्ज यांनी हा प्रोटोकॉल तयार केला. मोठ्या संगणकांवरील साठ्याची जागा अपुरी असल्याने विद्यार्थ्यांना आपल्या फाइली सूक्ष्मसंगणकामार्गे फ्लॉपी तबकडीवर नेता याव्यात, हा त्यामागील हेतू होता. एक्समोडेमला आठही बिट जसेच्या तसे नेणारी तार लागते. परंतु मोठ्या संगणकांच्या जोडण्या पुष्कळदा सातच बिट नेत व नियंत्रणचिन्हे गिळून टाकीत. कर्मिट अशा चिन्हांचे छापण्याजोग्या अक्षरांत रूपांतर करतो व आठवा बिटही सांकेतिक चिन्हाने दर्शवू शकतो. यामुळे पाठवावयाचा मजकूर वाढतो. मूळच्या आखूड पुडक्यांमुळे तो मंद म्हणून ओळखला गेला. पुढे लांब पुडकी व पोचेची वाट न पाहता अनेक पुडकी पाठविण्याची सोय आल्यावर हा आक्षेप बराच निवळला.

झेडमोडेम : पुडके-जाल चालविणाऱ्या टेलेनेट कंपनीच्या अर्थसाहाय्याने फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये हा प्रोटोकॉल तयार केला. यात मजकूर अखंड वाहत राहतो. चूक आढळल्यास ग्राहक संगणक फाइलीतील नेमके स्थान कळवितो व प्रेषण तेथून पुन्हा सुरू होते. ३२ बिटांच्या चक्रीय तपासणीची त्यात सोय आहे. तार मध्येच तुटल्यास पोहोचलेला भाग राखून उरलेलाच भाग पाठविता येतो. तासाभराचे प्रेषण अखेरच्या मिनिटात तुटले, तर आधीच्या प्रोटोकॉलांत सामान्यतः सर्व काम पुन्हा करावे लागे, हे ध्यानी घेता या सोयीचे महत्त्व लक्षात येते.

तारेचा विचार न करता यांपैकी एकास श्रेष्ठ म्हणता येत नाही. आठही बिट नेणाऱ्या वेगवान तारेवर झेडमोडेम सरस ठरे, तर जेथे इतर प्रोटोकॉल सुरूच होऊ शकत नसत, तेथेही कर्मिट चाले. १९९० नंतर इंटरनेटचा प्रसार झाला. त्याच्या प्रोटोकॉलांतच चुका सुधारण्याची सोय असल्याने या प्रोटोकॉलांची सर्वसाधारण वापरातील गरज संपली. तथापि जाल-उपकरणे व लहान संगणक-फलक यांत क्रमिक जोडणीतून मूळ आज्ञावली भरण्यासाठी एक्समोडेम आजही काही ठिकाणी वापरला जातो.