कानातील यंत्र आणि हातातील दूरध्वनी

खिशातील भ्रमणध्वनी वाजू लागतो. वृद्ध गृहस्थ तो हाती घेतात, परंतु बोलण्यास प्रारंभ करण्यापूर्वी कानामागे बसविलेले श्रवणयंत्र काढून सदऱ्याच्या खिशात टाकतात, आणि मग उघड्या कानाशी फोन धरून मोठ्याने विचारतात, "कोण? कोण बोलतंय?" पलीकडून मुलगा आपले नाव सांगतो, पुन्हा सांगतो, आणि अखेर "बाबा, आईला द्या" असे म्हणून मोकळा होतो.

हे दृश्य कोणत्याही घरात, कोणत्याही रेल्वे फलाटावर पाहावयास मिळते. ऐकू यावे म्हणून जे यंत्र घेतले, ते ऐकण्याच्या नेमक्या प्रसंगीच काढून ठेवावे लागावे, ही गोष्ट विचित्र खरी. पण त्या गृहस्थांना यंत्र वापरण्याचा कंटाळा आहे, असा तिचा अर्थ घरातील मंडळी लावतात तो मात्र बरोबर नव्हे. फोन कानाशी नेताच त्यांच्या यंत्रातून शिटी वाजते किंवा भुंग्यासारखी गुणगुण सुरू होते, आणि त्या गोंगाटापेक्षा उघड्या कानाने ऐकलेले चार अस्पष्ट शब्द त्यांना परवडतात.

दूरध्वनीचा जन्मच मुळी बहिरेपणाच्या सान्निध्यात झाला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूकबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या मातोश्रींना फार कमी ऐकू येई. त्यांच्या पत्नी मेबेल यांची श्रवणशक्ती लहानपणीच लोहितांग ज्वराने हिरावून नेली होती. १८७६ च्या मार्च महिन्यात बेल यांना दूरध्वनीचे एकस्व मिळाले; पण त्या उपकरणातून पतीचा शब्द मेबेलबाईंना कधीच ऐकता आला नाही. पुढे दूरध्वनीच्याच संशोधनातून निघालेल्या युक्त्या श्रवणयंत्रांच्या उपयोगी पडत गेल्या. बेल यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला. बेल यांच्या कार्याचे स्मरण म्हणून, श्रवणयंत्रांत तो वापरणाऱ्या कारखानदारांना त्याचे स्वामित्वशुल्क माफ करण्यात आले, आणि १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर असलेले पहिले श्रवणयंत्र बाजारात आले. दोन उपकरणांचे नाते असे घरोब्याचे असता ती परस्परांच्या जवळ आली की भांडतात का, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

शिटी कशी वाजते?

श्रवणयंत्राचे मुख्य भाग तीन. बाहेरचा आवाज टिपणारा ध्वनिग्राहक, म्हणजेच मायक्रोफोन. त्याची शक्ती वाढविणारा विवर्धक. आणि वाढविलेला आवाज कानाच्या नळीत सोडणारा चिमुकला ध्वनिक्षेपक. कानातील साचा घट्ट बसलेला नसेल, तर हा वाढलेला आवाज फटीतून थोडा बाहेर झिरपतो. एरवी तो हवेत विरून जातो. परंतु फोन किंवा नुसता हाताचा तळवा कानाशी धरला, की तो त्यावर आदळून परत ध्वनिग्राहकात शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा झिरपतो, आणि क्षणार्धात शिटी वाजू लागते. सभागृहात ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन नेला असता जी किंचाळी उठते, तिचेच हे लहान रूप होय.

यावरील उपाय साधा आहे. कानामागील यंत्राचा ध्वनिग्राहक कानाच्या पाळीजवळ नसून वरच्या टोकास असतो. तेव्हा फोनही कानाच्या छिद्राशी न दाबता थोडा वर, यंत्राच्या टोकाजवळ आणि किंचित अंतरावर, तिरपा धरावा. हे अनेकांना वर्षानुवर्षे कोणी सांगितलेलेच नसते. आधुनिक यंत्रांत शिटी दाबून टाकण्याची योजनाही असते. त्यामुळे आजकाल शिटीचा त्रास पूर्वीइतका राहिलेला नाही.

गुणगुण कोठून येते?

खरा त्रास गुणगुणीचा, आणि तिची कथा अधिक मनोरंजक आहे.

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. युरोपात चार वर्षे आधी सुरू झालेल्या जी.एस.एम. या पद्धतीने पुढे देश व्यापला. या पद्धतीत एकच रेडिओ-मार्ग आठ जणांना वाटून दिलेला असतो. प्रत्येकाने आळीपाळीने, सेकंदाच्या सुमारे सतराशेव्या भागाइतका वेळ, आपले बोलणे संकेतरूपाने पाठवावयाचे आणि मग उरलेल्या सात जणांसाठी थांबावयाचे, अशी ही व्यवस्था. एका विहिरीवर आठ घरांनी पाण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात, तशी. ही पाळी दर सेकंदास सुमारे २१७ वेळा येते. म्हणजे संभाषण चालू असताना भ्रमणध्वनी अखंड प्रक्षेपण करीत नाही. तो सेकंदाला २१७ वेळा पेटतो आणि विझतो.

प्रक्षेपित होणारे रेडिओ तरंग सेकंदास ९० कोटी किंवा १८० कोटी कंपनांचे असतात. इतकी जलद कंपने कोणत्याही कानाला ऐकू येणे शक्य नाही. परंतु श्रवणयंत्रातील बारीक तारा या तरंगांच्या दृष्टीने आकाशकेच ठरतात. तारांत उत्पन्न झालेला प्रवाह विवर्धकात पोहोचतो. तेथील अर्धसंवाहकांचा स्वभाव असा, की ते एका दिशेच्या प्रवाहास दुसऱ्या दिशेच्या प्रवाहापेक्षा अधिक सहज वाट देतात. परिणामी जलद कंपने गाळली जातात आणि त्यांचे पेटणे-विझणे तेवढे शिल्लक राहते. दर सेकंदास २१७ ठोके म्हणजे कानास चांगलाच ऐकू येणारा, जाडाभरडा स्वर. विवर्धक त्याला बोलण्याबरोबर इमानाने मोठा करून कानात सोडतो. रेडिओजवळ मोबाइल ठेवला असता फोन येण्याच्या क्षणभर आधी रेडिओतून 'तड-तड-तड' असा आवाज येत असे, हे अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. त्याचे मूळ हेच.

या गुणगुणीचा आणखी एक विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मनोरा जवळ असेल तर भ्रमणध्वनी आपली प्रक्षेपणशक्ती आपोआप कमी करतो. मनोरा दूर असेल, तर पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करतो. यास्तव शहरातील दुकानात अगदी शांत वाटलेला फोन गावी नेल्यावर कानात भुणभुणू लागतो. ग्राहकाला वाटते, यंत्र बिघडले. दुकानदाराला वाटते, ग्राहकाचा भ्रम आहे. वस्तुतः दोघांचेही चुकते.

तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या बहुतेक पद्धतींत असे तुटक प्रक्षेपण नसल्याने गुणगुण पुष्कळ कमी झाली आहे. श्रवणयंत्रांनाही धातूचे कवच व गाळणी बसविण्यात येऊ लागली, आणि १९९७ साली त्यांच्या प्रतिकारक्षमतेच्या मोजणीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. तथापि साध्या बटणांच्या फोनवर आणि जुन्या जाळ्यावर विसंबलेल्या माणसाच्या कानातील भुंगा अद्याप गेलेला नाही. आणि असा माणूस बहुधा वृद्ध व बेताच्या मिळकतीचा असतो.

दोषातून निघालेली सोय

जुन्या काळ्या, जड दूरध्वनीच्या श्रवणभागात एक चुंबक, त्यावर तारेचे वेटोळे आणि समोर लोखंडी पडदा असे. वेटोळ्यातील प्रवाह बदलला की चुंबकत्व बदले आणि पडदा कंप पावे. हे बदलते चुंबकत्व थोडेसे बाहेरही पाझरत असे. शक्तीचा हा अपव्ययच. पण त्या पाझरलेल्या चुंबकीय क्षेत्रात दुसरे वेटोळे ठेवले, तर प्रवर्तनाने त्याच्यात हुबेहूब तसाच प्रवाह उत्पन्न होणार, हे उघड होते. श्रवणयंत्रात असे लहानसे वेटोळे बसविण्याची कल्पना १९३० नंतरच्या दशकात पुढे आली. यालाच टेलिकॉइल म्हणतात. यंत्रावरील खटका 'टी' या अक्षराशी नेला, की ध्वनिग्राहक बंद होतो व टेलिकॉइल चालू होते. मग भोवतालचा गलका नाही, शिटी नाही. फक्त फोनवरील आवाज.

पुढे दूरध्वनी अधिक कार्यक्षम झाले, म्हणजेच पाझर थांबला, आणि त्याबरोबर टेलिकॉइलही मुके झाले. अमेरिकेत यावर मोठी चळवळ झाली. तेथील सार्वजनिक दूरध्वनींपैकी जे श्रवणयंत्राशी जुळत, त्यांच्या दोरीवर ओळखीसाठी निळे कडे बसविलेले असे. १९८८ च्या कायद्याने तेथे नव्या तारयुक्त दूरध्वनींना ही जुळणी सक्तीची झाली. भ्रमणध्वनींना मात्र त्या वेळी सूट मिळाली, कारण ते तेव्हा मोजक्यांच्या हाती होते. ती सूट अंगावर आली. २००३ साली तेथील संघीय दळणवळण आयोगाने ती आवळली, आणि फोनना गुण देण्याची पद्धत रूढ झाली. ध्वनिग्राहकाने ऐकताना किती निर्वेधपणे ऐकू येते यास 'एम', आणि टेलिकॉइलने ऐकताना यास 'टी', असे १ ते ४ अंक देण्यात येत. फोनचा अंक व यंत्राचा अंक मिळून ४ झाल्यास जेमतेम, ५ झाल्यास नेहमीच्या वापरास योग्य आणि ६ झाल्यास उत्तम, असा हा सोपा हिशेब. दोन वेगळे अंक लागण्याचे कारण असे की, फोनच्या बॅटरीतून ठोक्याठोक्याने वाहणारा प्रवाह स्वतःच एक चुंबकीय गुणगुण उत्पन्न करतो, आणि ती टेलिकॉइलला तेवढी ऐकू येते. प्रमाणकाच्या २०१९ च्या आवृत्तीत हे अंक गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच आयोगाने तेथे विकल्या जाणाऱ्या फोनचे सर्व नमुने कालांतराने श्रवणयंत्राशी जुळणारे असलेच पाहिजेत, असा निर्णय घेतला.

गळ्यातील वेटोळे आणि बिनतारी दुवा

फोन कानाशी नेल्यानेच सारे तंटे उद्भवतात, तर तो तेथे नेऊच नये, हा जोड-उपकरणांमागील विचार होय. त्यांतील सर्वांत साधे म्हणजे गळ्यात घालावयाचे वेटोळे. माळेसारखी ही तार फोनच्या छिद्रात खोचतात. फोनमधील आवाजाचा प्रवाह तिच्यातून फिरतो, गळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते आणि दोन्ही कानांतील टेलिकॉइल ते एकदम टिपतात. दोन्ही कानांनी ऐकणे हा येथे मोठाच लाभ आहे; एका कानास निसटलेला शब्द पुष्कळदा दुसऱ्यामुळे ओळखू येतो. फोन हातभर दूर राहिल्याने रेडिओ तरंगांचा उपद्रवही घटतो. दुर्दैव असे की, २०१६ नंतर अनेक महागड्या फोनांतून तार खोचण्याचे ते छिद्रच नाहीसे होत चालले आहे.

दुसरा मार्ग ब्लूटूथचा. प्रारंभी ही बिनतारी पद्धत श्रवणयंत्रात थेट घालणे शक्य नव्हते. कारण सुमारे १.४ व्होल्टच्या बटणाएवढ्या घटाला तिचा खर्च पेलत नसे. म्हणून गळ्यात अडकविलेली एक डबी फोनकडून ब्लूटूथने आवाज घेई व चुंबकीय मार्गाने कानाकडे पोहोचवी. पुढे कमी शक्तीवर चालणारे ब्लूटूथ निघाले, आणि २०१४ च्या सुमारास आयफोनशी थेट जोडली जाणारी श्रवणयंत्रे आली. अँड्रॉइड फोनसाठी तशी सोय २०१८ साली जाहीर झाली. परंतु एका घराण्याचे यंत्र दुसऱ्या घराण्याच्या फोनशी बोलेना. हा जातिभेद मोडण्यासाठी २०२० साली ब्लूटूथ एल.ई. ऑडिओ ही समाईक पद्धती जाहीर करण्यात आली. तीत एकाच ठिकाणाहून अनेकांच्या कानी आवाज पोहोचविण्याचीही तरतूद आहे.

आणखी एक सुधारणा श्रवणयंत्राशी संबंध नसताना घडून आली. जुन्या दूरध्वनीतून ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जात. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा बराच भाग याच्या वर असतो. म्हणून फोनवर 'साठ' की 'आठ', असे चांगल्या कानाच्या माणसासही विचारावे लागे. चौथ्या पिढीच्या जाळ्यावर हा पट्टा सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंत रुंदावला आहे. उच्च स्वर ज्यांना आधीच कमी ऐकू येतात, त्यांना आवाज मोठा करण्यापेक्षा या रुंदीचा उपयोग कधी कधी अधिक होतो.

ही सारी साधने महाग आहेत, हे मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे साहाय्याची गरज भासावी इतपत श्रवणदोष असलेले लोक जगात सुमारे ४३ कोटी आहेत. आपल्याकडे गरजूंना साहाय्यक उपकरणे देण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे श्रवणतपासणी होते. तेथे जाताना आपला फोन बरोबर न्यावा. नवे यंत्र कानात बसवून श्रवणतज्ज्ञासमोरच घरी फोन लावावा. टेलिकॉइल आहे काय, असल्यास ते चालू करून दिले आहे काय, हेही विचारावे. यंत्रात टेलिकॉइल असते पण ते जागे केलेलेच नसते, असे पुष्कळदा आढळते.

खिशात ठेवावयाचे, दोरीने कानाशी जोडलेले पेटीवजा यंत्र अजूनही अनेक जण वापरतात. त्यांच्या बाबतीत तर एक गंमतच असते. त्या यंत्राचा कान छातीवर असतो. म्हणून फोनही कानाशी नव्हे, तर सदऱ्याच्या खिशाशी धरावा लागतो, आणि बोलताना पुन्हा तोंडापाशी न्यावा लागतो. पाहणाऱ्यांना हसू येते. ते टाळण्यासाठी कोणी फोनचा ध्वनिक्षेपक चालू करतो, आणि मग बँकेने कळविलेला सांकेतिक आकडा किंवा दवाखान्याने सांगितलेला तपासणीचा निकाल डब्यातील सर्व प्रवासी ऐकतात. कानात गुंतवण्याची तार तशीच ठेवून फोनवरील आवाज दोरीने थेट त्या पेटीत नेणारी जोडणी काही नमुन्यांना मिळते. यंत्र निवडतानाच त्याला असे छिद्र आहे काय, हे उलटून पाहावे.