दूध-पोळीवर वाढलेली पिल्लं (लेखांक सहावा)

कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवरचं लेबल कसं वाचायचं, हा विषय या लेखांकात यायचा होता. तो आता पुढच्या आठवड्यात. स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत असतात, हे मागच्या वेळी वाचून बऱ्याच वाचकांनी एकच अर्थ काढला: म्हणजे आपली दूध-पोळी बरोबरच होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाने तर स्पष्टच विचारलं आहे. त्यांच्या वस्तीवर तीन पिढ्या कुत्री दूध-भाकरीवर वाढली, रात्रभर राखण करत राहिली. मग शहरातल्या मुलाने लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी महिन्याला हजारो रुपये का घालवायचे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला अर्ध्या लेखांकात उरकणं बरं नव्हे. शिवाय या प्रश्नाचं निम्मं उत्तर शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये मिळालेलं आहे, तेही जवळजवळ दूध-पोळीच खाणाऱ्या पिल्लांकडून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या कारखान्यांच्या शहरांत मुडदूस घरोघरी होता. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत, मनगटं सुजत, छातीचा पिंजरा बसत असे. कारणाबद्दल मात्र एकमत नव्हतं. ग्लासगोच्या डॉक्टरांचा कल कोंदट घरं आणि हालचालीचा अभाव यांच्याकडे होता. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी या शरीरशास्त्रज्ञाला संशय होता तो अन्नाचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग सुरू केले. पिल्लंच का? ती झपाट्याने वाढतात आणि हाडांतला दोष काही महिन्यांत दिसू लागतो.

त्याच्या एका प्रयोगातला आहार बघा: दिवसाला १७५ मिलिलिटर दूध आणि पाव, पोटभर. दुसऱ्यात पावाऐवजी ओटची लापशी. पुढे त्याने साय काढलेलं दूध, पाव, जवसाचं तेल, यीस्ट आणि थोडा संत्र्याचा रस असाही आहार ठरवला, म्हणजे बाकीच्या जीवनसत्त्वांची उणीव राहू नये. पिल्लं हे सगळं आवडीने खात होती. वजनही वाढत होतं. आणि त्यांचे पाय वाकत होते. त्याच आहारात कॉड माशाच्या यकृताचं तेल घातलं की हाडं सरळ राहत. १९१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मेलनबीने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि मुडदुसाचं मूळ अन्नात आहे हे ठामपणे मांडलं. तेलातला तो घटक ‘अ’ जीवनसत्त्व असावा असा त्याचा अंदाज होता. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम या शास्त्रज्ञाने तेल तापवून, त्यात हवा खेळवून त्यातलं ‘अ’ नष्ट केलं, तरी ते तेल मुडदूस बरा करत राहिलं. हा वेगळा घटक म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. जगभरच्या लहान मुलांचे पाय ज्या शोधाने सरळ झाले, त्याच्या मुळाशी दूध-पाव खाणारी ही पिल्लं आहेत.

मेलनबीच्या निरीक्षणांतल्या दोन गोष्टी कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, जे पिल्लू जास्त जोमाने वाढे, त्याचा मुडदूस जास्त तीव्र असे. दुसरी म्हणजे, आहारात धान्य वाढवलं की आजार वाढे, आणि ओट सगळ्यांत वाईट. धान्यात काहीतरी विघातक आहे असं त्याला वाटू लागलं. पुढे तो घटक सापडला, फायटिक आम्ल. धान्याच्या कोंड्यात ते भरपूर असतं आणि कॅल्शियम, जस्त यांना धरून ठेवतं, आतड्यातून शरीरात जाऊ देत नाही. माणसासाठी कोंड्यासकट कणीक चांगली, म्हणून पिल्लासाठीही चांगली असणार, हा सरळ वाटणारा हिशेब इथे चुकतो. केवळ धान्यावर वाढलेल्या पिल्लांच्या डोळ्यांभोवती, नाकाजवळ आणि पंजाच्या गाद्यांवर कधी कधी जाड खपल्या धरतात, त्या जस्त कमी पडल्याच्या असू शकतात.

आता उन्हाबद्दल. पायाने अधू दिसणाऱ्या पिल्लाला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. माणसाच्या बाळाच्या बाबतीत त्याला आधार आहे. मेलनबीचा निबंध आला त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरने अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुडदूस झालेली मुलं बरी केली होती. कुत्र्याची कातडी मात्र हे काम करत नाही. कातडीत ज्या द्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायचं, ते कुत्र्याच्या आणि मांजराच्या शरीरात भराभर दुसऱ्याच रूपात बदललं जातं. उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ साली हे दाखवून दिलं. कुत्र्याला ‘ड’ जीवनसत्त्व तोंडावाटेच मिळायला हवं. ऊन त्याला सुखावतं, हाडं घडवत नाही.

हे सगळं विलायतेतल्या पावाचं झालं, आपल्या पोळीचं काय, असं कोणी म्हणेल. तर घरच्या वाटीचा हिशेब करू. तीन महिन्यांचं, दहा किलो वजनाचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू धरा. त्याला दिवसाला साधारण ११०० ते १२०० कॅलरी लागतात. अर्धा लिटर गाईचं दूध आणि तीस ग्रॅम कणकेच्या आठ पोळ्या दिल्या की तेवढ्या कॅलरी भरतात. पिल्लू तृप्त, घरचेही समाधानी. प्रथिनं पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास जातात. वाढीच्या वयातल्या कुत्र्यांसाठी ‘आफ्को’ या अमेरिकी संस्थेने ठरवलेलं किमान प्रमाण धरलं तर पासष्ट ग्रॅम हवीत. खरा खड्डा कॅल्शियमचा आहे. त्याच मानकाने या पिल्लाला दिवसाला साडेतीन ग्रॅम कॅल्शियम लागतं. अर्ध्या लिटर दुधातून मिळतं सुमारे ०.६ ग्रॅम आणि आठ पोळ्यांतून जेमतेम ०.१. म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सा. शिवाय फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दुप्पट जातो. व्हायला हवं नेमकं उलट: कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून जास्त, दुपटीपर्यंत. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागतं. दुधाने हाडं मजबूत होतात हे घरोघरी ऐकलेलं वाक्य या पिल्लाच्या वाटीत टिकत नाही. कारण त्याच्या आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त असतात, कॅल्शियमही कितीतरी जास्त असतं.

पिशवीतल्या काही दुधात हल्ली ‘ड’ जीवनसत्त्व घातलेलं असतं, त्यातून ती एक बाजू बरीचशी सावरते. कॅल्शियमची उणीव तशीच राहते. आणि दूध वाढवत गेलं तर दुधातली साखर आड येते, कारण वय वाढतं तशी ती पचवण्याची कुत्र्याची ताकद कमी होते आणि जुलाब सुरू होतात. दह्यात ही साखर कमी असते, म्हणून अनेक कुत्र्यांना दूध सोसत नाही पण दही चालतं.

पोळी सोडून पिल्लाला नुसतं बोनलेस चिकन उकडून देणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. त्यांना वाटतं, आपण महागातलं आणि अस्सल देतो आहोत. चिकनच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो. हाडांच्या दृष्टीने ही वाटी दूध-पोळीपेक्षाही वाईट.

भाकरीची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या दख्खनची आहे, पण तिची सुरुवात अमेरिकेत होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई: कातडी काळवंडून सोलणं, जुलाब, शेवटी भ्रम. त्याच भागातल्या कुत्र्यांना तोंड येऊन जीभ काळी पडण्याचा रोग होता. जोसेफ गोल्डबर्गरने दाखवलं की दोन्हींचं मूळ एकच. १९३७ साली विस्कॉन्सिनमध्ये कॉनराड एल्व्हेजेमने काळ्या जिभेची कुत्री निकोटिनिक आम्लाने, म्हणजे आज ज्याला नायसिन म्हणतात त्याने, बरी केली आणि माणसांच्या पेलाग्रावरचा इलाज हाती आला.

मका न खाणाऱ्या हैदराबादच्या आसपासच्या ज्वारीच्या पट्ट्यातही पेलाग्राचे रुग्ण दिसत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, आजच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनमध्ये, सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी याच कोड्यामागे होते. भवानी बेळवाडी आणि गोपालन यांनी कुत्र्यांना ज्वारीचा आहार दिला, आणि त्यांची जीभ काळी पडली. हा निबंध १९६५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लावर गोपालन यांनी ठेवलेल्या दोषाबद्दल शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण मुख्यतः भाकरीवर जगणाऱ्या कुत्र्याला काय होऊ शकतं, हे इथे, आपल्याच धान्यावर, दिसलं होतं. सोलापूरच्या वाचकांच्या वस्तीवर भाकरीबरोबर दूध होतं, हे महत्त्वाचं. दुधातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कुत्र्याचं शरीर नायसिन बनवू शकतं. पाण्यात कुस्करलेल्या भाकरीत तो आधार नाही.

पण मग वस्तीवरची ती धडधाकट कुत्री? ती खरीच होती. मात्र ती भाकरी खात होती म्हणजे फक्त भाकरी खात होती असं नाही. मोकळं कुत्रं दिवसभर चरतं: उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेल्या जनावराची हाडं-आतडी, म्हैस व्याल्यावर पडलेली वार, उकिरड्यावरचं काय वाटेल ते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. माणसाच्या टाकाऊ, बहुतेक पिठूळ अन्नावर जगणाऱ्या या कुत्र्यांसमोर पर्याय ठेवले, तेव्हा ज्याला मांसाचा वास जास्त त्याकडे ती आधी वळली. कुत्र्याला पोळी पचते, पण मिळालं तर ते काय निवडतं, ते यावरून कळतं.

याच गटाचं दुसरं काम अधिक विचार करायला लावणारं आहे. त्यांनी ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा पाठपुरावा केला. सात महिन्यांची होईपर्यंत त्यांतली १९ टक्केच जगली. बहुतेक मृत्यूंमागे माणसाचा हात होता, आहार हे त्यांचं मुख्य कारण नव्हे. पण गावात दिसणारं मोठं कुत्रं हे जगलेल्या थोड्यांपैकी एक असतं. त्याच्याकडे बघून आहार पुरेसा होता असं म्हणताना न जगलेली पिल्लं हिशेबातून सुटतात. शिवाय गावठी कुत्रं पंधरा-वीस किलोवर थांबतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन वर्षभरात त्याच्या दीडपट ते तिप्पट होतात. जोमाने वाढणाऱ्या पिल्लाचा मुडदूस जास्त तीव्र, हे मेलनबीचं निरीक्षण इथे लागू पडतं.

घरचं शिजवलेलं अन्न वाईटच, असा याचा अर्थ नाही. मात्र घरचं अन्न परिपूर्ण करणं वाटतं तितकं सोपं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. घरचंच द्यायचं असेल तर पशुपोषणाचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडून त्या पिल्लाच्या जातीला आणि वजनाला धरून आहार आखून घ्यावा आणि तो तंतोतंत पाळावा. तेवढी सोय नसेल, तर पहिलं वर्षभर, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत, वाढीच्या वयासाठी म्हणून बनवलेलं परिपूर्ण खाद्य द्यावं. पोळी-भाकरीचा वाटा दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागाच्या आत असावा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला थोडी जास्त भाकरी चालते, पण सोबत अंडं, मासे किंवा मांस हवं आणि उरलेली उणीव भरून काढणारं मिश्रण डॉक्टरला विचारून घालायला हवं.

एक धोका विरुद्ध बाजूचाही आहे. वरचा हिशेब वाचून कोणी कॅल्शियमच्या सिरपची बाटली आणू नये. उट्रेख्तच्याच हाझेविंकेल यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडली. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, जे येईल त्यातलं बरंचसं ते शोषून घेतं. परिपूर्ण खाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून सिरप पाजणं ही आपल्याकडे फार सहज होणारी चूक आहे.

पुढच्या आठवड्यात लेबल. घरात खाद्याची पिशवी असेल तर फेकू नका, बारीक अक्षरांसकट ती समोर लागेल. आणि दूध-पोळीवरच्या तुमच्या पिल्लाचे पुढचे पाय बाहेर वाकत असतील, मनगटाच्या सांध्याशी गाठ दिसत असेल, उचलल्यावर ते केकाटत असेल, तर उन्हात बसवून वाट बघू नका. याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन त्याचा एक्स-रे काढून घ्या. वाढ चालू आहे तोवर आहार बदलून बरंच काही सावरता येतं.