दवाखान्याचं बिल गावागणिक का बदलतं?

गैरसमज : गावाकडं उपचार स्वस्त पडतात.

डॉक्टरांच्या तपासणी फीपुरतं हे खरं आहे. पण जत-आटपाडीच्या माणसाला अँजिओप्लास्टी किंवा मेंदूचं ऑपरेशन सांगितलं, की वाट सांगली-मिरजेचीच धरावी लागते. माण-खटावच्या माणसाला सातारा नाहीतर कऱ्हाड. जावळीतल्या कोयनाकाठच्या काही गावांतून तर आधी शिवसागर जलाशयातून लाँचनं बामणोलीला यायचं, मग कासवरून घाट उतरून साताऱ्याला. गाडीचं भाडं, सोबतच्या दोघांचा बुडालेला रोज, बाहेरचं जेवण, यातलं काहीच हॉस्पिटलच्या पावतीवर दिसत नाही. शिवाय खर्चाच्या धास्तीनं दुखणं अंगावर काढलं, तर उपचार आणखी महाग होतात.

गैरसमज : दवाखाने वाढले की दर आपोआप उतरतात.

तसं असतं तर मिरज सगळ्यात स्वस्त असायला हवं होतं. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आज कर्नाटकातूनही पेशंट येतात. पण छातीत कळ आलेला माणूस चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही. ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तिथंच तो जातो. नव्या मशीनच्या कर्जाचे हप्तेही शेवटी बिलातूनच निघतात.

गैरसमज : खासगी दवाखान्यांच्या दराला सरकार हात लावू शकत नाही.

लावू शकतं, आणि लावलेला आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयात बसवायच्या, औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरली. कोविडमध्ये, जून 2021 च्या आदेशानं राज्य सरकारनं भागांचे तीन गट केले. साध्या वॉर्डचा कमाल दर पुण्या-मुंबईसारख्या शहरांत दिवसाला 4,000 रुपये. सांगली आणि जिल्ह्यांच्या मुख्यालयांत 3,000. बाकी भागात 2,400. या आदेशानं जागा, पगार, भाडं यांतला फरक मान्य केला आणि तरीही वरची मर्यादा घातली. त्यात त्रुटी होती. कऱ्हाड मुख्यालय नाही म्हणून खालच्या गटात, मग तिथलं हॉस्पिटल कितीही मोठं असो. माझ्या मते दर गावाच्या दर्जावर नव्हे, दवाखान्यातल्या सोयींवर ठरावेत. पण साथ ओसरली म्हणून दरनियंत्रणाचा विचारच सोडून देणं मला पटत नाही.

गैरसमज : सरकारी दवाखान्यात आता सगळंच मोफत.

15 ऑगस्ट 2023 पासून मोफत उपचार सुरू झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, आणि सांगली-मिरजेची सिव्हिल हॉस्पिटलं त्याच विभागाकडं आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. मात्र ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या आजारांनाच मिळतं. जवळचं असं रुग्णालय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर प्रवासाचा भार पेशंटवरच राहतो. म्हणून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची पदं भरलेली असणं, हाच खर्च कमी करण्याचा खरा उपाय आहे.

तोवर दोन गोष्टी कराव्यात. दाखल होतानाच रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या फुले योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठावं. आणि खासगी दवाखान्यात दरपत्रक मागावं. राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.